बंड्यास पत्र: अर्धी राहिलेली धाव

शिकागो
१२ जानेवारी

प्रिय बंड्या,

तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले. एकूण सात मिनिटं चाळीस सेकंद. पहिल्यात शिव्या, दुसऱ्यात नियमांचं पुस्तक, आणि तिसऱ्यात, "बास झालं मर्दा, पांढरा कोट आईच्या ट्रंकेत गेला, आता परत मैदानात पाय ठेवत नाही." उत्तर टाइप करायला बसलो आणि चार ओळींत मावेना. म्हणून कागद काढला. बाहेर उणे पंधरा आहे, रविवार आहे, बायको तिच्या मैत्रिणीकडे गेली आहे. तुला लांबलचक पत्र सोसावं लागणार.

मला कळलं ते असं, चुकलं तर सांग. फायनल, शेवटचा चेंडू, एक धाव हवी. बॅटरनं लाँगऑनला मारला आणि पळाला. समोरचा पोरगा अर्ध्या खेळपट्टीवर आला, तेवढ्यात मांडवातली पोरं गुलाल आणि हलगी घेऊन आत घुसली. तो तिथूनच वळला आणि त्यांच्या गळ्यात पडला. इकडे फिल्डरनं शांतपणे चेंडू टाकला, कीपरनं दांडी उडवली आणि अपील केलं. तू बोट वर केलंस. धाव रद्द, सामना बरोबरीत, आणि तू मागच्या उसातून घरी. ट्रॉफी म्हणे अजून सरपंचांच्या कपाटात आहे.

नियमानं तू बरोबर आहेस, त्यात मला शंका नाही. पण मी तुला एका दुसऱ्या पंचाची गोष्ट सांगणार आहे. मी जिथं रोज जेवणाच्या सुट्टीत चालतो ना, पोल्क स्टेशनच्या पलीकडे, सगळी हॉस्पिटलं आणि मेडिकल कॉलेजच्या इमारती आहेत, तिथं वुड स्ट्रीटवर एक फलक आहे. पूर्वी त्या जागी बेसबॉलचं मैदान होतं, वेस्ट साइड पार्क. शिकागो कब्ज तिथं खेळायचे. पहिली दोन वर्षं मी तो फलक वाचलाही नव्हता. मग एकदा पावसात तिथं आडोशाला उभा राहिलो, वाचला, आणि त्यानंतर १९०८ सालाच्या असा नादी लागलो की घरात माझी टिंगल होते.

बेसबॉल तुला कळत नाही असं म्हणू नकोस, लागतं तेवढंच सांगतो. चार थांबे असतात. बॅटर मारून पहिल्या बेसवर पळतो, मग दुसऱ्या, तिसऱ्या, आणि होम प्लेटला परत आला की धाव. आता पहिल्या बेसवर आधीच आपला कोणी उभा असेल आणि मागून बॅटर पळत आला, तर पहिल्याला पुढं सरकावंच लागतं. एसटीत रिझर्व्हेशनवाला आला की आपण उठतो, तसं. तो दुसऱ्या बेसला पोचायच्या आत समोरच्यानं चेंडू हातात घेऊन त्या बेसवर पाय ठेवला की हा बाद. अंगाला चेंडू लावायचीही गरज नाही. तीन बळी गेले की डाव संपतो, आणि हा जर तिसरा बळी असेल, तर त्याच फटक्यावर कोणी होम प्लेटला पोचलेला असला तरी ती धाव धरत नाहीत. एवढं डोक्यात ठेव.

आता १९०८. नॅशनल लीगमध्ये तीन संघ एकमेकांच्या उरावर बसलेले: शिकागो कब्ज, न्यूयॉर्क जायंट्स आणि पिट्सबर्ग पायरेट्स. कब्ज १९०६ साली ११६ सामने जिंकलेले, १९०७ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधली शेवटची लढत, घेतलेली, म्हणजे माज असलेला संघ. कर्णधार आणि मॅनेजर फ्रँक चान्स, तोच फर्स्ट बेसवर खेळायचा. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, जो टिंकर, सेकंड बेसला जॉनी एव्हर्स. हे टिंकर आणि एव्हर्स १९०५ साली एका घोडागाडीवरून भांडले आणि पुढं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. बांधावरून बिनसलेले भाऊ जसे शेजारी शेजारी नांगरतात पण राम राम घालत नाहीत, तसे हे रोज खांद्याला खांदा लावून खेळायचे, आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात चेंडू असा जायचा की बघणाऱ्यानं जिगरी दोस्त समजावं.

आणि त्यांचा पिचर, म्हणजे आपला बोलर, मॉर्डेकाय ब्राउन! हा तुझा माणूस आहे. इंडियानातल्या खेड्यातला. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात उजवा हात गेला, तर्जनी तुटली, दुसरी बोटंही वाकडीतिकडी जुळली. पुढं कोळशाच्या खाणीत काम केलं. त्या मोडक्या हातातून सुटलेला चेंडू असा वळायचा की धडधाकट बोटांच्या कुणाला तसा वळवता येईना. नावच पडलं 'थ्री फिंगर' ब्राउन. त्या वर्षी २९ सामने जिंकला. आपल्याकडं कुट्टीत हात गेलेली किती माणसं आपण पाहिलीत, कुणाच्या डोक्यात आलं नसेल.

न्यूयॉर्ककडे क्रिस्टी मॅथ्यूसन, कॉलेजात शिकलेला, देखणा, त्या एका मोसमात ३७ विजय. पिट्सबर्गकडे होनस वॅगनर, त्याच्याबद्दल लिहायला लागलो तर पत्र टपालात मावणार नाही.

तर ४ सप्टेंबर. कब्ज पिट्सबर्गला खेळत होते. सामना नऊ डावांचा असतो, हा दहाव्यापर्यंत ताणला, ०-०. पिट्सबर्गच्या बॅटरनं फटका मारला, तिसऱ्या बेसवरचा होम प्लेटला आला, विजयाची धाव. पहिल्या बेसवर वॉरेन गिल नावाचा नवखा होता. तो दुसऱ्या बेसकडं निम्मा गेला आणि वळून सरळ निघून गेला. त्या काळी सगळेच असं करत. सामना संपला की लोक मैदानात घुसायचे, खेळाडू जीव घेऊन पळायचे, बेसला पाय लावत बसायला वेळ कुणाला?

पण एव्हर्सला होता. किडकिडीत, तिरसट माणूस, झोपायच्या आधी नियमांचं पुस्तक वाचायचा म्हणतात. त्यानं चेंडू मागवला, दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि पंचाकडे ओरडला, गिल बाद, धाव नाही! त्या दिवशी मैदानात एकच पंच होता, हँक ओडे. तो म्हणाला, मी पाहिलं नाही. धाव मान्य, पिट्सबर्ग १-० नं जिंकलं. कब्जनी लीगकडं तक्रार केली, तीही फेटाळली गेली.

हँक ओडे कोण, ते सांगतो. शिकागोचाच, जन्म १८५९ चा. आधी स्वतः पिचर होता, आणि कुणाकडून खेळला? न्यूयॉर्क जायंट्सकडूनच, १८८९ साली त्यांना अजिंक्यपद मिळवून देणाऱ्यांत तो होता. मग पंच झाला. लग्न केलं नाही, फारसे मित्र नाहीत, दिवसभर शिव्या खायच्या, संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत एकटं. म्हणतात की पिट्सबर्गनंतर तो त्या प्रसंगावर विचार करत राहिला आणि ठरवलं, पुन्हा असं झालं तर नियमानं जायचं. ठरवलं खरं, पण ते त्याच्या पोटातच राहिलं. कुणा संघाला पत्र गेलं नाही की मैदानात कुणी जाहीर केलं नाही.

१९ दिवसांनी, २३ सप्टेंबर. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, कब्ज विरुद्ध जायंट्स. प्लेटमागं तोच ओडे, बेसवर बॉब एम्स्ली. जायंट्सचा नेहमीचा फर्स्ट बेसमन फ्रेड टेनी, त्याची कंबर धरली होती, म्हणून त्याच्या जागी १९ वर्षांच्या पोराला घातलं, फ्रेड मर्कल. विस्कॉन्सिनच्या वॉटरटाउनचा. मोसमभर बाकावर बसलेला.

नववा डाव, १-१, दोन बाद. मूस मॅककॉर्मिक पहिल्या बेसवर. मर्कलनं झकास फटका मारला, मॅककॉर्मिक तिसऱ्यावर, मर्कल पहिल्यावर. हे लोक विसरतात बघ, ती संधी तयारच मुळी त्या पोराच्या फटक्यानं झाली होती. मग अल ब्रिडवेलनं मधून चेंडू काढला, इतका सरळ की एम्स्लीला चुकवताना जमिनीवर लोळावं लागलं. मॅककॉर्मिक आरामात घरी. लोक कुंपणावरून आत. जायंट्सचं क्लबहाउस सेंटरफिल्डच्या मागं होतं. मर्कलनं गर्दी पाहिली, दुसऱ्या बेसच्या अलीकडूनच वळला आणि तिकडं पळाला.

एव्हर्स परत ओरडला, चेंडू! पुढं काय झालं याच्या डझनभर साक्षी आणि डझनभर गोष्टी आहेत. जायंट्सचा जो मॅकगिनिटी त्या दिवशी खेळत नव्हता, कडेला कोच म्हणून उभा होता. त्याला कळलं काय चाललंय ते, त्यानं चेंडू हिसकावला आणि गर्दीत भिरकावला. मग कब्जच्या कुणीतरी एक चेंडू आणला. तोच होता की दुसराच, यावर आजवर एकमत नाही. एव्हर्स त्या गर्दीत बेसवर उभा राहून चेंडू हातात घेऊन नाचत होता. एम्स्ली म्हणाला, मी लोळत होतो, मी काही पाहिलं नाही. ओडे म्हणाला, मी पाहिलंय. मर्कल बाद. धाव नाही.

मैदानात हजारो माणसं, अंधार पडायला आलेला, पुढं खेळ शक्यच नव्हता. सामना बरोबरीत. बहुतेक लोक जायंट्स जिंकले समजून घरी जाऊन जेवलेसुद्धा, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं.

इथं मी तुला एक विचारतो, रागावू नकोस. गेल्या वर्षी सेमीफायनलला मी होतो तिथं, मांडवात, भडंग खात. तेव्हाही असंच झालं होतं. पोरगं धाव पुरी न करता नाचायला लागलं, समोरच्यांनी अपील केलं आणि तू हात झटकून म्हणालास, "सोडा रे, जिंकले ते." सगळे हसले, मीही हसलो. यंदा पुस्तक काढलंस. पुस्तक तेच आहे, मधे कुणाला सांगितलं होतंस का? टॉसच्या वेळी दोन्ही कप्तानांना एवढं म्हणाला असतास ना, "पोरांनो, यंदा शेवटची धाव पुरी करायची, नाहीतर आउट देणार," तर उसातून जायची पाळी आली नसती. माझं ओडेबद्दल हेच मत आहे. २३ सप्टेंबरला तो बरोबर होता. त्याची चूक ४ सप्टेंबरची, आणि मधल्या १९ दिवसांची. इथल्या वेडगळ बेसबॉलप्रेमींशी मी यावर वाद घातला आहे, ते म्हणतात पंचानं नियम आधी जाहीर करत बसायचं नसतं, नियम छापलेलाच असतो. छापलेला असतो, पण सगळ्यांनी मिळून तो वर्षानुवर्षं मोडलेला असतो ना!

असो. त्या निकालानं मोसम कसा फिरला बघ. लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी ओडेला उचलून धरलं, बरोबरी कायम. तीन दिवसांनी कब्जच्या एड रुलबाखनं ब्रुकलिनविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने टाकले, दोन्हीत समोरच्याला एकही धाव नाही. आजच्या पिचरला सांगितलं तर वकील आणेल. इकडं फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हेलेस्की नावाच्या नवख्यानं पाच दिवसांत जायंट्सना तीनदा हरवलं. मर्कलला ज्यांनी आयुष्यभर शिव्या दिल्या, त्यांना विचारायला हवं होतं, हे तीन सामने कुणी घालवले? ४ ऑक्टोबरला वेस्ट साइड पार्कवर, म्हणजे मी डबा खाऊन फिरतो तिथं, कब्जनी पिट्सबर्गला ५-२ नं हरवलं. पिट्सबर्ग तो सामना जिंकते तर तिथंच सगळं संपलं असतं. मग जायंट्सनी बोस्टनला ओळीनं तीनदा हरवलं, आणि दोघं बरोबर: ९८ विजय, ५५ पराभव. आता तो बरोबरीतला सामना पुन्हा खेळणं आलं.

८ ऑक्टोबर, पोलो ग्राउंड्स. मैदान भरून बाहेर तेवढीच माणसं. शेजारच्या कूगन्स ब्लफच्या कड्यावर, रेल्वेच्या उंच पुलावर, खांबांवर, जिथं पाय टेकेल तिथं. एक माणूस वरून पडून मेला. ब्राउनला तू पिचिंग केलंस तर जिवंत जाणार नाहीस अशी धमकीची पत्रं आली होती. कब्जनी आधी जॅक फीस्टरला उतरवलं, तो पहिल्याच डावात डगमगला, तेव्हा चान्सनं ब्राउनला बोलावलं. तो गर्दीतून वाट काढत आला आणि शेवटपर्यंत टाकत राहिला. तिसऱ्या डावात टिंकरनं मॅथ्यूसनला सेंटरफिल्डर साय सीमोरच्या डोक्यावरून भिरकावला, तीन बेस. टिंकर एरवी काही फार मोठा बॅटर नव्हता, पण मॅथ्यूसन दिसला की त्याच्या अंगात यायचं. २३ सप्टेंबरची कब्जची एकुलती एक धावही त्याचीच होती. त्या डावात चार धावा आल्या आणि सामना ४-२. शेवटचा बळी पडताच कब्ज क्लबहाउसकडं धावत सुटले, चान्सच्या मानेवर कुणीतरी जोरात मारलं, पोलिसांनी दार अडवून धरलं. तुझा ऊस बरा म्हणायचा.

मोसम संपला तेव्हा तक्ता असा होता: कब्ज ९९ विजय, जायंट्स ९८, पिट्सबर्ग ९८. एका सामन्याचा फरक. आणि गंमत म्हणजे त्यानंतरची वर्ल्ड सिरीज इतकी फिकी झाली की डेट्रॉइटला १४ ऑक्टोबरचा शेवटचा सामना बघायला फक्त ६,२१० माणसं आली. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात त्याहून कमी गर्दी कधी झालेली नाही. कब्ज ४-१ नं जिंकले. त्यानंतर परत जिंकले ते २०१६ साली, १०८ वर्षांनी. तेव्हा मी इथंच होतो, तुला फोटो पाठवला होता, आठवतंय? कब्जच्या आताच्या मैदानाच्या, रिग्ली फील्डच्या, विटांच्या भिंतीवर लोक खडूनं नावं लिहीत होते. आजोबांची, वडिलांची, जिंकलेलं न बघताच गेलेल्यांची. एक म्हातारी बाई जवळ खुर्ची नाही म्हणून माझ्या खांद्याला धरून वरच्या विटेवर लिहीत होती. मी तिला उचलूनच धरणार होतो, पण तिचा मुलगा आला.

पुलियमनी दुसऱ्या वर्षी, जुलै १९०९ मध्ये, स्वतःवर गोळी झाडून घेतली. कारण हाच एक सामना असं मी म्हणणार नाही, माणसाच्या मनात काय काय साठलेलं असतं. पण त्या हिवाळ्यात त्यांच्यावर चोहोबाजूंनी फार घाण उडाली होती, हे खरं.

ओडेचं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. पुढं दोन मोसम मॅनेजरकी केली, त्यातला एक चक्क कब्जचाच. नाही जमली, परत पंचगिरीला आला आणि १९२७ पर्यंत उभा राहिला. १९३५ साली इथं शिकागोतच वारला. हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं २०१३ साली, म्हणजे हार घालून घ्यायला माणूस नाहीच. तू कोट ट्रंकेत ठेवलास, ठेव. पण जत्रेच्या आधी काढ आणि डांबराच्या गोळ्यांचा वास घालवायला दोन दिवस उन्हात टाक. मैदानावर पांढरा कोट घालून उन्हात सहा तास उभा राहणारा दुसरा येडा त्यांना मिळणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

मी खरं लिहायला बसलो ते मर्कलसाठी. त्याला त्या दिवसापासून नाव पडलं 'बोनहेड', म्हणजे डोक्यात मेंदूच्या जागी हाड. पोरगा काही मठ्ठ नव्हता रे. बुद्धिबळ, ब्रिज खेळायचा, आणि जायंट्सचा मॅनेजर जॉन मॅकग्रा, जो देवालाही शिव्या द्यायला कमी करायचा नाही, त्यानं मर्कलला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट पगार वाढवून दिला, पुढं वर्षानुवर्षं खेळवला, डावपेच त्याला विचारून ठरवायचा. पाच वर्ल्ड सिरीज खेळला मर्कल, पाचही हरला, त्यातली एक कब्जच्या संघातून खेळताना. पण कुठल्याही गावात मैदानात उतरला की प्रेक्षकांतून तोच शब्द. निवृत्त झाल्यावर फ्लोरिडाला जाऊन राहिला, बेसबॉलपासून लांब. १९५० साली जुन्या खेळाडूंच्या कार्यक्रमासाठी त्याला पोलो ग्राउंड्सवर बोलावलं, तो कसाबसा तयार झाला आणि आला, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. ४२ वर्षांनी. १९५६ साली गेला, आणि मृत्यूच्या बातम्यांतही सगळ्यांत वर तो बेस होता.

बंड्या, तुझे सात मिनिटं चाळीस सेकंद मी दोनदा ऐकले. त्यात सरपंच आहेत, आयोजक आहेत, कीपर आहे, तुला शिवी देणारा ट्रॅक्टरवाला आहे, तुझ्या चपला राहिल्या ते आहे. त्या पोराचं नाव एकदाही आलं नाही. "ते येडं" एवढंच. अकरावीला आहे म्हणालास. मला तुझ्या पुतण्याकडून कळलं की गावात त्याला आत्तापासूनच 'अर्धीधाव' म्हणायला लागलेत. तू घरी जा त्याच्या. शिकवण वगैरे देऊ नकोस, चहा घे आणि गेल्या वर्षीच्या सेमीफायनलचं त्याच्या बापासमोर सांगून टाक. पुढच्या मॅचला त्याला ओपनिंगला पाठवायला त्यांच्या कप्तानाला सांगता आलं तर बघ, तुझं ऐकतो तो.

काकूंच्या गुडघ्याचं काय ठरलं? मिरजेच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते नीट कळव, ऑपरेशन मार्चमध्ये असेल तर मी तेव्हाच यायचं बघतो. वहिनींना नमस्कार. धाकट्याला म्हणावं ग्लोव्ह घेतलाय, डाव्या हाताचाच, पण त्यानं क्रिकेटमध्ये कीपिंग करू नये, बोटं मोडतील.

तुझा,
दिल्या

ता. क. मागच्या वेळचा बेदाणा इथं सगळ्यांना आवडला, हिरवा होता तो. येताना दोन किलो लागेल, आत्ताच सांगून ठेव.